कागल कुठं संपायचं

सत्तरच्या दशकात कागलात वाढलेल्या कुणालाही विचारा, गावाचा मध्य कोणता? उत्तर एकच येईल, गैबी चौक. गैबी पिराचा उरूस असो, निवडणुकीची सभा असो की सकाळची पेपराची वाट बघणं असो, सगळं तिथंच. पण कागल कुठं संपतं असं विचारलंत, तर जेवढी माणसं तेवढी उत्तरं मिळायची. कुणाचं कागल जयसिंगराव तलावाच्या बांधावर संपायचं, कुणाचं माळावरच्या शेवटच्या विहिरीपाशी, तर कुणाचं थेट दूधगंगेच्या पाण्यात. शेणी थापणाऱ्या बाईचं कागल माळापर्यंत पसरलेलं असे, कारण गुरांमागं तिला तिथवर जावं लागे. नदीकाठची मळी कसणाऱ्याचं कागल नदीला टेकलेलं असे. दुकानदाराचं कागल मोटार स्टँडपाशी आटोपायचं. यातलं कुणी कुणाला खोटं पाडत नसे. मध्य पक्का असला की कड थोडी इकडंतिकडं झाली तरी कुणाचं काही अडत नव्हतं.

आता फोनवर कागल असं लिहिलं की पडद्यावर तुटक रेघेनं वेढलेला एक आकार उमटतो. पिनकोड 416216, गाडीचा नंबर एमएच 09, शेताला गट नंबर, औद्योगिक वसाहतीत प्लॉट नंबर. सांगावच्या बाजूचा जो माळ आमच्या लेखी ‘लांबवर’ एवढाच होता, तिथं कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीचे रस्ते आखले गेले, कुंपणं झाली. माळ कुठं सुरू होतो हा प्रश्नच उरला नाही, कारण माळ उरला नाही.

रेघेचे उपकार मला ठाऊक आहेत. रेघ नसती तर गरिबाची जमीन केव्हाच शेजारच्या दांडग्यानं खाल्ली असती. मोजणी झाली, सातबारा आला, त्यामुळं विधवेलाही आपल्या वाटणीच्या वावराचा कागद हातात धरता आला. इंग्रजी मुलखात 1836 च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर भागात जी मोजणीची पद्धत सुरू केली, ती पुढे संस्थानांतही पोचली. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी 1918 मध्ये कुलकर्णी वतनं काढून पगारी तलाठी नेमले आणि जमिनीची दप्तरं एका घराण्याच्या कपाटातून सरकारच्या चावडीत आणली. हे शाहू महाराज म्हणजे कागलच्याच घाटगे घराण्यातले यशवंतराव, 1884 मध्ये करवीरच्या गादीवर दत्तक गेलेले. नोंदीचं मोल कागलला नव्यानं शिकवावं लागत नाही. पण नोंद झाली त्याबरोबर एक जुनं शहाणपण आपण हातचं जाऊ दिलं, आणि त्याची किंमत आमच्या भागातली माणसं रोज मोजतायत. ते शहाणपण काय होतं ते सांगावं म्हणून हे लिहिते आहे.

बांधापासून सुरुवात करते. आमच्या रानाचा बांध चांगला दोन हात रुंद होता. त्यावर गवत वाढायचं, पावसाळ्यात कुर्डूची भाजी यायची, मधेच एक चिंच होती. मी आज्जीला विचारायची.

“आज्जी, आपलं रान कुठवर गं?”

“त्या चिंचंपत्तुर.”

“आणि चिंच कुणाची?”

“चिंच दोघांची. गाभुळ्या झाल्या की त्यांनीबी पाडायच्या, आपुनबी पाडायच्या.”

दोन शेतांच्या मधे असा एक तिसरा, अरुंद पट्टा असे. त्यावर दोघांचा हक्क, दोघांची जबाबदारी. बैल दमले की तिथं सोडायचे, न्याहारीला तिथं बसायचं. भांडणंही तिथंच व्हायची हे खरं. आज ट्रॅक्टरच्या फाळानं दोन्ही बाजूंनी कोरून कोरून बांध वितभर झाला आहे. चिंच केव्हाच गेली. मोजणीवाल्यांचं यंत्र उपग्रहाकडून जागा विचारून घेतं आणि खुणा करतं, हद्द पूर्वीपेक्षा कितीतरी नेमकी सापडते. आणि बांधावरून कोर्टात जाणारी घरं काही कमी झालेली दिसत नाहीत.

शेताचं तसंच गावाचं. दोन गावांच्या शिवा जिथं भिडत तिथं म्हसोबाचा शेंदरी दगड, मरगाईचं ठाणं असे. साथीचा रोग आला की मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेपर्यंत ओढत न्यायचा आणि तिथून पुढं दुसऱ्या गावानं न्यायचा, ही रीत आमच्या आज्ज्यांनी डोळ्यांनी पाहिलेली. शिवेचा वाद पेटला की महाराची साक्ष सगळ्यांत मोठी मानली जाई, कारण रोज शीव तुडवणारा तोच. ज्याला गावानं वेशीबाहेर ठेवलं, त्याच्याच पायांना गावाची हद्द ठाऊक होती. त्या काळाचा गोडवा गाताना हा अन्याय झाकून चालणार नाही. पण ज्ञान कुणाकडं होतं हेही विसरून चालणार नाही. हद्द ही चालून, वर्षानुवर्षं वापरून कळणारी गोष्ट होती, आणि जो चालत होता त्याला ती रेघेएवढी बारीक कधीच दिसली नाही.

गावाच्या पलीकडं मोठमोठे प्रदेश होते. त्यांची नावं कुठल्याही सरकारी नकाशावर नव्हती, तरी सगळ्यांना माहीत होती. वरचा भाग, खालचा भाग. कापशी खोरं, म्हणजे चिकोत्रेच्या काठचा मुलूख. मुरगूड भाग. दूधगंगा काठ. वरचा भाग म्हणजे पाऊस, भात, नाचणी, घोंगडी आणि लाल माती. खालचा भाग म्हणजे काळी माती, जोंधळा, उन्हाळ्यात कोरडा पडणारा ओढा. पण वरचा भाग कुठल्या गावापासून लागतो? मुरगूडचा माणूस भुदरगडाकडं बोट दाखवायचा, कागलचा मुरगूडकडं, आणि शिरोळचा माणूस आम्हा कागलकरांनाच वरचं म्हणायचा. हे हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. कोल्हापूर जिल्ह्यात गगनबावड्याला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि शिरोळला पाचशेच्या आसपास. एका दिवसात मोटारीनं पार होणाऱ्या अंतरात पाऊस दहापटीनं उतरतो, आणि तो कुठंही एका जागी पायरीसारखा तुटत नाही. हळूहळू उतरतो. भात हळूहळू विरळ होतं, जोंधळा हळूहळू दाट होतो. ‘वरचा भाग’ हे शब्द त्या उताराला अगदी चपखल बसत होते. मधे रेघ मारली असती तर ती खोटी ठरली असती.

असाच एक प्रदेश तंबाखूचा. निपाणी हा त्याचा गाभा. बाजारपेठ, वखारी, विड्यांचे कारखाने, हवेत भरून राहिलेला जर्द्याचा तिखट वास, सगळं निपाणीत. तिथून चहूबाजूंनी तंबाखूची रानं पसरलेली, दोन्ही राज्यांत. आमच्या बाजूलाही तंबाखू होती, पण जसजसं कोल्हापूरकडं यावं तसतशी ती कमी व्हायची. 1981 मध्ये निपाणीत शेतकऱ्यांचं आंदोलन झालं, शरद जोशी त्याच्या अग्रभागी होते, गोळीबार झाला, शेतकरी मेले. त्या बातमीनं कागलातली घरं सुन्न झाली, कारण तिथं बसलेली माणसं आपल्याच पट्ट्यातली होती. ती कर्नाटकातली की महाराष्ट्रातली हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही.

पुढं धरणाचं पाणी आलं, काळम्मावाडीचं. बिद्रीच्या साखर कारखान्याचं नावच दूधगंगा-वेदगंगा. कागलात शाहू कारखाना, हमीदवाड्याला मंडलिकांचा, निपाणीला हालसिद्धनाथ. ऊस नदीच्या काठाकाठानं चढत गेला आणि तंबाखूचा पट्टा आक्रसून निपाणीच्या आसपास गोळा झाला. एका पिढीत एक प्रदेश विरला आणि त्याच जागी दुसरा उभा राहिला. तो विरला केव्हा, कुठल्या साली, हे कुणीच सांगू शकणार नाही, कारण तोही कडेकडेनं विरत गेला. आनंद यादवांच्या ‘झोंबी’मधलं कागल, मोटेच्या पाण्यावरचं, माळ्यावरून पाखरं राखणारं, तेही असंच विरलं. कुणी त्याला शेवटचा दिवस नेमून दिला नव्हता.

आता माझ्या आजोळाचं सांगते. आईचं माहेर सौंदलग्याचं. कागलातून निघालं की दूधगंगेचा पूल, मग कोगनोळी, मग सौंदलगा, आणि पुढं यमगर्णीपाशी वेदगंगा ओलांडली की निपाणी. कोल्हापूर आणि निपाणी कागलला जवळपास सारख्याच अंतरावर, वीस-वीस किलोमीटर. आईला लहानपणापासून बाजार माहीत तो निपाणीचा. लुगडं निपाणीचं, कानातलं निपाणीचं. आमच्या घरी कुणी परगावाहून आलं की आम्ही बायका म्हणायचो, “आलो, आलो, बसा.” कोल्हापूर भागातली बाई ‘मी आले’ म्हणत नाही, ‘मी आलो’ म्हणते. पुण्यात शिकायला गेल्यावर माझ्या मैत्रिणी यावरून चिडवायच्या. आजोळी मात्र आई, मामी, मावशी सगळ्या ‘मी आलो, मी गेलो’ करायच्या आणि पुढं बेळगावपर्यंत हेच ऐकू यायचं. बोलण्याच्या या लकबीचा एक अख्खा प्रदेश आहे, त्याचं जिल्हा मुख्यालय कुठंच नाही आणि त्याला राज्यांची सीमा ठाऊक नाही.

मामाच्या गावात कानडी होतीच. दूधवाला कानडीत बोलायचा, आजी त्याला अर्धं कानडीत, अर्धं मराठीत उत्तर द्यायची. अण्णा, अक्का, आप्पा हे तर आमच्या घरातही होते. ऑक्टोबरच्या सुमाराला आप्पाचीवाडी-कुर्लीच्या हालसिद्धनाथाची यात्रा भरायची. भाकणूक ऐकायला कोल्हापूरचे, कागलचे, गडहिंग्लजचे, चिकोडीचे लोक रात्रभर बसायचे. यंदा पाऊस कसा, पिकं कशी, हे सगळ्यांना एकाच तोंडून ऐकायचं होतं. देवाचं राज्य एकच होतं. आजही यात्रा भरते, भाकणूक होते. फरक एवढाच की आता पार्किंगमध्ये एमएच 09 आणि केए 23 अशा पाट्या वेगवेगळ्या ओळखू येतात, आणि त्या ओळखायची आपल्याला सवय लागली आहे.

शाळेत चौथीला महाराष्ट्राचा कोरा नकाशा रंगवायचा असे. जिल्हे रंगवायचे आणि बाहेरचं पांढरं ठेवायचं. माझं आजोळ त्या पांढऱ्यात होतं. आजोळच्या अंगणातली केळ, मामाचा वाडा, आजीचं स्वयंपाकघर, सगळं पांढऱ्यात. त्या वयात मला ते नुसतं विचित्र वाटलं होतं. आज त्याचा इतिहास ठाऊक आहे आणि विचित्र वाटणं गेलेलं नाही.

इतिहास असा. ही आजची रेघ काही पुरातन नाही. संस्थानी काळात इथला नकाशा ठिगळांचा होता. कोल्हापूर संस्थान, त्याच्या आतल्या जहागिरी, कागल थोरली पाती, कागल धाकटी पाती, कापशी, इचलकरंजी, बावडा, विशाळगड. शेजारी सांगली, मिरज, कुरुंदवाड, जमखंडी. त्यांच्यामधून घुसलेला बेळगाव जिल्ह्याचा इंग्रजी मुलूख, त्यात निपाणी. कोल्हापूर संस्थानचं रायबाग तर दूर बेळगाव जिल्ह्याच्या पोटात. एकाच जहागिरीची गावंही एकमेकांना लागून असतील असं नाही. 1 मार्च 1949 ला कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झालं, आणि पुढं रायबाग बेळगाव जिल्ह्यात राहिलं. मग 1 नोव्हेंबर 1956. बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, त्यातला चंदगड तालुका मात्र कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. निपाणी गेली, चंदगड आला. माझ्या आईचं माहेर आणि सासर एका रात्रीत दोन राज्यांत पडलं.

तेव्हापासूनचा वाद कागलच्या मुलाला पाढ्यांसारखा पाठ असतो. महाराष्ट्राचं म्हणणं पाटसकर सूत्रावर उभं: खेडं हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकांची इच्छा. 1966 मध्ये महाजन आयोग नेमला गेला, 1967 मध्ये त्याचा अहवाल आला. निपाणी, खानापूर, नंदगड धरून 264 गावं महाराष्ट्राला द्यावीत, 247 गावं कर्नाटकाला द्यावीत, बेळगाव कर्नाटकातच राहावं, असं त्यात होतं. महाराष्ट्रानं तो नाकारला. 2004 मध्ये 865 गावांसाठी महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. बेळगाव-निपाणीत 1 नोव्हेंबर आजही काळा दिवस म्हणून पाळतात.

मराठी माणूस म्हणून माझं मन कुठल्या बाजूला आहे हे सांगायची गरज नाही. पण या सगळ्या मांडणीत मला एक गोष्ट सतत खुपत आली. आयोगापुढं गाव एक तर इकडचं ठरतं नाहीतर तिकडचं. ज्या गावात शंभरातली पंच्याण्णव घरं मराठी आहेत आणि ज्या गावात पंचावन्न, ती दोन्ही गावं बहुसंख्येच्या हिशेबात सारखीच. पंचावन्नांबरोबर राहणाऱ्या पंचेचाळीसांचं काय? ती घरं रेघेच्या एका बाजूला टाकली की त्यांची भाषा, त्यांची शाळा, त्यांचे कागद सगळंच परकं होतं. रेघ कुठंही ओढली तरी कुणाचं तरी आजोळ पांढऱ्यात जाणारच.

रेघ दिवसेंदिवस जाड होत गेली हेही पाहिलं आहे. लहानपणी कोगनोळी म्हणजे कलिंगडाची, उसाच्या रसाची गाडी थांबायची जागा होती. संध्याकाळी घरात सांगली आकाशवाणी लागायची आणि सुई थोडी फिरवली की धारवाडची कानडी गाणी. सांगली स्पष्ट, धारवाड खरखरत. सौंदलग्याला त्याच रेडिओवर धारवाड जरा जास्त स्पष्ट. त्या लहरींना हद्द नव्हती, त्या नुसत्या क्षीण होत जायच्या. मोबाइल आला तेव्हा टॉवरच्या लहरीही तशाच क्षीण होत जाणाऱ्या, पण बिलाची मात्र रेघ आली. नदीकाठच्या घरात बसल्या जागी फोन कर्नाटकाचा टॉवर पकडायचा आणि रोमिंग कापलं जायचं. आवाज एकाच खेड्यातल्या एका घरातून दुसऱ्या घरात जात होता आणि हिशेब आंतरराज्य होता. 2021 मध्ये करोनाच्या काळात कोगनोळी नाक्यावर तपासणीचा दाखला दाखवल्याशिवाय पलीकडं सोडत नव्हते. निपाणीच्या डॉक्टरकडं वर्षानुवर्षं जाणारी माणसं पुलाच्या अलीकडं अडकली. डिसेंबर 2022 मध्ये बेळगावकडं निघालेले कोल्हापूरचे कार्यकर्ते याच नाक्यावर अडवले गेले. कलिंगडाच्या गाडीच्या जागी लोखंडी अडथळे आले.

या प्रश्नावर जगात विचार झाला आहे आणि तो आपल्या कामाचा आहे. 1965 मध्ये लोत्फी झादे या गणितज्ञानं एक साधी पण मोठी गोष्ट मांडली. एखादी वस्तू एखाद्या समूहात आहे किंवा नाही, असं दोनच पर्यायांत विचारण्याऐवजी ती किती प्रमाणात आहे असं विचारता येतं, शून्य ते एक यांच्या दरम्यान. मुरगूड ‘वरच्या भागात’ आहे का, याचं प्रामाणिक उत्तर ‘बरंचसं’ असं आहे, आणि झादेच्या गणितात त्या ‘बरंचसं’ला आकडा देता येतो. पुढं 1996 मध्ये अँथनी कोन आणि निकोलस गॉट्स यांनी नकाशासाठी एक रीत सुचवली. तिला त्यांनी अंड्याचंच नाव दिलं. मधला बलक म्हणजे निःसंशय त्या प्रदेशातली जागा. भोवतीचा पांढरा भाग म्हणजे जिथं हो म्हणता येतं आणि नाहीही म्हणता येतं. टरफलाबाहेर निःसंशय नाही. एका रेघेऐवजी दोन रेघा, आणि मधल्या पट्ट्याला मान. अशा पट्ट्यांवरून संगणकाला नेमके प्रश्न विचारता येतात. दोन प्रदेशांचे बलक भिडतात का, की नुसते पांढरे भाग एकमेकांवर येतात? कागल-निपाणीला हे लावून बघा. मराठी मुलखाचा बलक आणि कानडी मुलखाचा बलक एकमेकांपासून दूर आहेत. एकमेकांवर आलेत ते पांढरे भाग, आणि माझं आजोळ त्यातच आहे.

2003 मध्ये डॅनियल माँटेलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सांता बार्बरा शहरात, रस्त्यावरच्या लोकांच्या हाती नकाशा देऊन त्यांना शहराचा मध्यभाग कुठं ते आखायला सांगितलं. प्रत्येकाची रेघ वेगळी आली. सगळ्या रेघा एकमेकींवर ठेवल्या तर मधे दाट, कडेला विरळ असा आकार उमटला. गावाचं मन नकाशावर आलं. आमच्या चौकातल्या म्हाताऱ्यांना हे कुणी विचारलं असतं, तर याहून सुंदर नकाशा निघाला असता.

‘हे सगळं विद्यापीठात ठीक, सरकारला नेमकी रेघच लागते,’ असं कुणी म्हणेल. तर सरकार स्वतः अशा दोन रेघा आमच्याच नदीवर ओढतं. 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी पूररेषा आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळीच्या आत बांधकामाला बंदी, निळी आणि लाल यांच्या मधे निर्बंधांसह परवानगी. 2019 मध्ये आणि पुन्हा 2021 मध्ये यमगर्णीपाशी वेदगंगा महामार्गावर चढली, पुणे-बंगळूर रस्ता दिवसच्या दिवस बंद राहिला, तेव्हा नदीला एक काठ नसतो हे सगळ्यांना दिसलं. आमच्या जुन्या लोकांना ते ठाऊक होतं म्हणून ते मळीत घर बांधत नसत, नुसतं पीक घेत. मातीच्या भाषेत तीही दोन रेघांचीच पद्धत.

घाटाचंही तसंच. माधव गाडगीळ समितीनं 2011 मध्ये अख्खा पश्चिम घाट संवेदनशील मानून त्याच्या तीन प्रती केल्या, कुठं जास्त जपायचं, कुठं कमी. 2013 मध्ये कस्तुरीरंगन समितीनं गावांची यादी केली, गाव आत किंवा बाहेर. राधानगरी, भुदरगड, गगनबावडा, शाहूवाडी इथली गावं त्या यादीत आली आणि तेव्हापासून यादीत राहायचं की बाहेर पडायचं यावरच सगळी शक्ती खर्च होते आहे. मसुद्यामागून मसुदे निघाले. प्रती ठेवल्या असत्या तर ‘आम्हाला वगळा’ याऐवजी ‘आमची प्रत कोणती’ अशी चर्चा तरी झाली असती.

पाण्यातही हेच आलं. इचलकरंजीला सुळकूडमधून दूधगंगेचं पाणी न्यायची योजना पुढं आली, तशी काठची गावं विरोधाला उभी राहिली. तहानलेल्या शहराची गरज खरी आणि काठच्या शेतकऱ्याची भीतीही खरी. पण काठ म्हणजे कुठवर? नदीला लागून असलेली गावं, की उपसा योजनेचं पाणी पोचतं तिथवर, की धरणाखालचा सगळा मुलूख? गाभा कुणाचा आणि कड कुणाची हे आधी मांडलं असतं, तर वाटणीचं बोलणं जरा समजुतीनं झालं असतं असं मला मनापासून वाटतं.

आणि भाषेच्या बाबतीतही प्रतवारीचं बीज कायद्यात आहेच. जिथं एखाद्या भाषेचे लोक 15 टक्क्यांहून जास्त आहेत, तिथं महत्त्वाचे सरकारी नियम आणि सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हा भाषिक अल्पसंख्याकांसाठीचा निकष केंद्रानं फार पूर्वीच ठरवला. बेळगाव-निपाणीचे मराठी लोक तो पाळा म्हणून आजही झगडतायत. महाराष्ट्रानं सीमाभागातल्या 865 गावांतल्या मुलांना आपल्या महाविद्यालयांत जागा ठेवल्या, 2023 मध्ये तिथल्या लोकांना महात्मा फुले जनआरोग्य योजनेत घेतलं. म्हणजे रेघेपलीकडंही आपलेपणा काही प्रमाणात पोचवता येतो, हे केंद्राच्या आणि महाराष्ट्राच्या कागदांनी मान्य केलं आहे. तेवढाच धागा पकडून आपल्या बाजूच्या गावांत, जिथं कानडी घरं आहेत तिथं, कानडी शाळा आणि कानडी अर्ज यांची काळजी आपणही तितक्याच मनानं घेतली पाहिजे. मागतो ते देता आलं पाहिजे.

माझी मागणी त्यामुळं सरळ आहे. शिवाजी विद्यापीठाच्या भूगोलाच्या मुलांनी, कागल आणि निपाणीच्या कॉलेजांतल्या मुलांनी दोन्ही तीरांवरच्या सत्तरी ओलांडलेल्या माणसांपुढं नकाशा ठेवावा आणि विचारावं: तुमचा बाजार कुठवर, सोयरिक कुठवर, देव कुठवर, ‘मी आलो’ म्हणणारी बाई कुठवर, वरचा भाग कुठून लागतो? प्रत्येकाची खात्री किती तेही नोंदवावं. त्या रेघा एकमेकींवर ठेवाव्यात. शिवारांची नावं, ओढ्यांची, पाणंदींची नावं त्याबरोबर लिहून घ्यावीत, कारण गट नंबर आल्यावर ती नावं बोलणारी तोंडं दरवर्षी कमी होतायत. हे काम अजून होण्याजोगं आहे, आणखी दहा वर्षांनी होणार नाही.

न्यायालयाचा निकाल कधी ना कधी लागेल आणि रेघ एका जागी कायम होईल. ती माझ्या मनासारखी व्हावी असं मलाही वाटतं. पण ती कुठंही झाली तरी तिच्या दोन्ही अंगांना दोन्ही भाषा बोलणारी घरं राहणारच आहेत. शाळेचं माध्यम, दवाखान्यातला अर्ज, बसवरची पाटी, पाण्याची पाळी हे ठरवताना त्या घरांना परक्या राज्याचे रहिवासी न मानता दोघांच्याही कडेचे लोक मानलं, तर निकालानं जे तुटेल ते बरंचसं सांधता येईल. आमच्या आज्ज्या चिंचेच्या बाबतीत तेच करत होत्या. दोन सरकारांना ते करायला अवघड काही नाही, फक्त त्या पट्ट्याचा हक्क दोघांचा आहे हे एकदा कागदावर मान्य करावं लागेल.